हाड कापलेलं नाही

१२ जानेवारी
पप्पा घरी आले. हृदयाची झडप बदललेला माणूस सहाव्या दिवशी स्वतःच्या पायांनी दोन जिने चढतो, हे काही बरं लक्षण नाही.
ठरवलं आहे: तीन महिने पप्पांना जपायचं. खोकताना छातीशी उशी. जड उचलायचं नाही. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. सगळं व्हिडिओ बघून पक्कं केलंय. डिस्चार्ज देताना डॉक्टर म्हणाले होते की उजवीकडून, बरगड्यांच्या मधून, छोटीशी चीर देऊन काम केलंय, हाड कापलेलं नाही, पंधरा-वीस दिवसांत जवळजवळ सगळं करू द्या. व्हिडिओतल्या माणसाचं हाड कापलेलं होतं. पण जास्तीच्या काळजीने कुणाचं नुकसान होत नाही.
पुण्याच्या डेअरीत फोन केला. लॅबमधली नोकरी, १ फेब्रुवारीला हजर व्हायचं होतं. राणी मॅडम म्हणाल्या, आधी वडील, तुम्ही १ मार्चला या. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ की पुढचं सगळं मी इंग्लिशमध्ये बोलले.
ही वही मात्र मराठीत. इथे हैदराबादेत शाळेत मराठी नव्हतीच. पप्पांनी घरी शिकवली, पाटीवर, रोज जेवणाआधी. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही, हेही तेव्हाच शिकवलं.

१४ जानेवारी
हिम्मतराव काका आले. पप्पांचे काचीगुड्याच्या चहाचे सोबती. पप्पांनी न विचारताच शर्टाची बटणं काढली. काका बराच वेळ वाकून बघत राहिले. म्हणाले, बस, इतकंच? आमच्या मेव्हण्याचं अपेंडिक्स याच्याहून मोठं होतं. मग एकदम सावध होऊन म्हणाले, पण उत्तमराव, काळीज डावीकडं असते की हो, ह्यांनी उजवीकडं कायको उघडलं? पप्पा म्हणाले, डावीकडं रस्त्याचं काम चालू होतं, वळसा घालून गेले.
दोघे खोखो हसले. पप्पांनी हसताना उशी धरली नाही.
मी आत जाऊन मोबाइलवर छातीची आकृती पाहिली. उजवीकडूनही जाता येतं. तरी दोनदा पाहिली.
उद्यापासून भेटायला येणारे बंद. (आज संध्याकाळी पप्पा गच्चीवर. पतंग बघायला म्हणे. मांजा कुणी धरला होता ते मला दिसलंय.)

१९ जानेवारी, दुपार
पप्पांची नवी झडप धातूची आहे. खोली शांत असली की तिची टिकटिक ऐकू येते. मम्मी म्हणते, तिला येत नाही. लक्ष दिल्याशिवाय कसं येणार?
पप्पा झोपले होते, मी दाराशी बसून ऐकत होते. टिकटिक थांबली. मी ओरडले, पप्पांना गदागदा हलवलं. ते दचकून उठले आणि म्हणाले, काय झालं निशा, तुला बरं नाही का?
भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला होता.
म्हणजे आठवडाभर मी कुणाचं ऐकत होते, असा प्रश्न येतो. त्यावर विचार करणार नाही. मम्मीने स्टूल धरलं, मी घड्याळ खाली काढलं. आता ते टेबलावर पालथं राहील. पप्पांची खरी टिकटिक नीट ऐकू आली पाहिजे.

२ फेब्रुवारी
रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर आहे. हिरव्या पालेभाज्यांनी गोळीचा असर कमी होतो, असं वाचलं. अंबाडी, पालक, मेथी, सगळं बंद करून पंधरा दिवस झाले. मम्मीने आज अंबाडी आणली होती. मी ती खालच्या कमलाअम्मांना दिली. पप्पा म्हणाले, ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आता तुझी दुधीची भाजी बघून जाईल.
ब्रश करताना पप्पांच्या हिरड्यांतून रक्त आलं. मी आधीच म्हणत होते की ते दिसतात तितके बरे नाहीत.

५ फेब्रुवारी
रक्ताचा रिपोर्ट. पातळपणा हवा त्याहून बराच जास्त. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय बदल केला? मी अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, अम्मा, आधी खात होते तितकंच रोज खाऊ द्यायचं, एकदम बंद केलं म्हणून असं झालं, डोक्यात रक्तस्राव झाला असता तर? पुढे ते तेलुगूत नर्सशी काही बोलले. मला तेलुगू येतं, हे त्यांना माहीत नसावं.
परत येताना रिक्षात पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात खांद्याच्या वर गेला होता. मी तो खाली घेतला नाही.
पालेभाजी सुरू. चूक झाली ती जास्त काळजीमुळे नाही, कमी वाचल्यामुळे. आता जास्त वाचणार.

१६ फेब्रुवारी
पप्पा रोज सकाळी चालायला जातात. आज मी सोबत गेले. विद्यानगरच्या पुलापाशी मला धाप लागली. पप्पा पुढून परत आले, माझी पर्स घेतली, पाण्याची बाटली आणली आणि मला दुकानाच्या पायरीवर बसवलं. तेवढ्यात काका आले. म्हणाले, उत्तमराव, झडप कुणाची बदलली, एकदा नक्की सांगा.
पप्पांनी मग विचारलं, पुण्याला जायची भीती वाटते का गं? म्हटलं, भीती कसली, तुमच्यासाठी थांबलेय. ते 'हौ, बरं' म्हणाले आणि पुढचं अंतर हल्लू चालले. थकले असणार.

२६ फेब्रुवारी
राणी मॅडमना मेल. वडिलांची प्रकृती अजून नाजूक आहे, असं लिहिलं. 'नाजूक' शब्दावर पाऊण तास घालवला. खोटं लिहायचं नव्हतं. हृदय हा अवयव मुळातच नाजूक असतो, म्हणून तो ठेवला.
'सेंड' दाबतानाच पप्पा मिरची भजी घेऊन आले. गरम आहेत, ये, म्हणाले. पाच किलोची कणकेची पिशवी खांद्यावर होती.
उत्तर आलं. १ एप्रिल, आणि ही शेवटची तारीख.

१८ मार्च
इको. डॉक्टर खूश. झडप उत्तम, हृदयाचा जोर सुधारला, ऑफिसला जा, आता सहा महिन्यांनी या. मी विचारलं, उशी? कुठली उशी, म्हणाले. मी समजावलं. ते म्हणाले, ती हाड कापलेल्यांसाठी असते, तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग पप्पांकडे वळून म्हणाले, पेशंट एकदम ओके, मुलीकडे लक्ष द्या.
बाहेर पप्पांनी मला उसाचा रस पाजला.
ठीक. काम पूर्ण झालं. उद्या पुण्याचं तिकीट.

२७ मार्च
तिकीट काढलं नाही. कारणं आहेत. ऊन फार वाढलंय. पप्पा परवा शिंकले. मम्मी शाळेत शिकवायला, पप्पा ऑफिसात, गोळीची आठवण कोण करणार? (पप्पांनी मोबाइलला अलार्म लावलाय. पण मोबाइल बंद पडू शकतो.)
राणी मॅडमना मेलमध्ये लिहिलं, वडिलांचं पुढचं काही सांगता येत नाही. हे तर कुणाच्याही बाबतीत खरं आहे.
स्वप्नात पुणं आलं. सगळे खूप भराभर मराठी बोलत होते आणि मी दुधाची बाटली धरून उभी होते.

३१ मार्च
मी अंघोळीला गेले असताना फोन वाजला. पप्पांनी उचलला.
राणी मॅडमनी हलक्या आवाजात विचारलं म्हणे, निशिगंधाच्या वडिलांचं कसं आहे? पप्पा म्हणाले, मीच तो, एकदम ठणठणीत, पोरगी कधी हजर व्हायची तेवढं सांगा, मी स्वतः आणून सोडतो. मग त्या म्हणाल्या, ऐकून खूप बरं वाटलं, पण आम्ही काल दुसऱ्या मुलीला घेतलं, तुमच्या तब्येतीबद्दल ऐकून तिला आणखी घाई करणं बरं वाटेना.
मी टॉवेल गुंडाळलेल्या डोक्याने उभी. वाटलं, रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, मी एवढा आजारी होतो का गं?
मम्मी म्हणाली, जाऊ द्या. पप्पा जेवले. अंबाडीच होती. दुसऱ्यांदा घेतली नाही.

१ एप्रिल, सकाळी १०
पप्पा ऑफिसला गेले. मम्मी शाळेत. पप्पांनी जाताना उशी माझ्या पलंगावर आणून ठेवली आहे. मुद्दाम असेल किंवा जागेवर ठेवायची म्हणून असेल.
त्यांना मी आज दारापर्यंत सोडायला गेले, अगदी जवळ उभी राहिले. टिकटिक ऐकू आली नाही. जिन्यावरून उतरल्याचा आवाज आला, भराभर.
घर फार शांत आहे. दुसऱ्या नोकऱ्या बघायच्या आहेत. हैदराबादेतच. आजपासूनच, पण आधी घर आवरून.
घड्याळात नवीन सेल घातला. चालू झालं. वेळ लावली. भिंतीवर अडकवायला गेले तर खिळ्यापर्यंत हात पोचत नाही, आणि स्टूल धरायला कुणी नाही.
पप्पा सहाला येतील, अडकवतील. हात वर न्यायची त्यांना परवानगी आहे.