शेवभाजीचं ताट

पिंप्राळा, जळगाव
दि. २ डिसेंबर २०२५

आदरणीय अक्का,

दिपमालाचा नमस्कार. इकडे बठ्ठं बरं आहे. समोरचा जितेंद्र उद्या दोंडाईच्याला निघालाय, त्याच्या हाती भरताची वांगी पाठवतेय. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर बोलताना हे शेजारीच बसलेले असतात.

तुमच्या भावाचं काम बघता ना मोबाइलवर? डाळ मिलमधला साधा माणूस, दारूच्या वासानंही तोंड फिरवणारा. पण अहिराणी पिक्चरमध्ये बेवडा झिंगाभाऊ झाला आणि खानदेशभर गाजला. त्या शेवभाजीच्या प्रसंगानं तर कहरच केलाय. ताट भिरकावून बायकोला म्हणतात, "भाजीमा मीठ कोन टाकी, तुना बाप?" आता इथली पोरं घरोघरी आयांना हेच विचारतात. आया हसतात. मला मेलं हसू येत नाही.

आमच्या मयुरीचं लग्न सोनगीरला जमलंय, सुपारी फुटायची तेवढी बाकी. तिच्या होणाऱ्या सासूनं ते पाहिलं आणि निरोप धाडला, माणूस घरीही असाच आहे का? हे म्हणाले, "अक्काला सांग. ती लोकं तिच्या सासरच्या नात्यातली. ती पटवेल, ॲक्टिंग आहे म्हणून." तेवढ्यासाठीच हे पत्र.

तर तुम्ही जाऊन सांगा. नाही, थांबा. आधी ऐका.

परवा रविवारी भाजीत मीठ कमी पडलं. ह्यांनी ताट भिरकावलं. अगदी तसंच. भिंतीवरचा तेलाचा डाग अजून जात नाही. वाटी माझ्या कपाळाला लागली, मी ओरडले. शेजारच्या प्रमिलाबाई मोबाइल धरून खिडकीत आल्या. "काय ओ भाऊ, शूटिंग चालू शे का?" ह्यांनी तिकडे बघून डायलॉग मारला. बाहेर टाळ्या पडल्या. अक्का, मीही हसले हो. कपाळाला पदर दाबून हसले.

ती पहिली वेळ नव्हती. पिक्चरच्या आधी कधी आवाजही चढवला नव्हता ह्यांनी, तुमची शपथ. आता हे जेवायला बसले की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

मयुरीनं सगळं पाहिलं. काल म्हणाली, "आई, तिकडचा मुलगा बाबांचा फॅन आहे. फोनवर तोच डायलॉग म्हणून दाखवतो मला." तेव्हापासून काही सुचत नाही.

सोनगीरला जाऊ नका, अक्का. आधी इकडे या. लहानपणी ह्यांचा कान तुम्हीच धरायचात. जेवायच्या वेळी या, ह्यांच्या शेजारी बसा. त्या दिवशी भाजीत मीठ मी मुद्दाम टाकणार नाही.

तुमची, पिक्चरमधली नव्हे, घरातली भावजय,
दिपमाला