बॉनेटवरची मोहरी

रविवार संध्याकाळ, बेसिंगस्टोक, इंग्लंड

बाहेर गारठा, म्हणून रंगवलेलं मॉडेल किचनमध्येच वाळत ठेवलं. बाबांच्या जुन्या गाडीची छोटी प्रतिकृती, माझ्या आठवणीतला निळा रंग, शेवटचा हात. आणि शेजारीच मी आमटीला फोडणी घातली! एक मोहरी तडतडून थेट ओल्या बॉनेटवर. चिमट्याने काढायला गेलो तर तिच्याबरोबर रंगही निघाला. डोकंच फिरलं. कढईवर झाकण ठेवायला काय झालं होतं मला?

बायको म्हणाली, "बाबांना दिसणारसुद्धा नाही."

मला दिसतोय ना तो मोहरीचा खड्डा!

शेवटी व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. बाबांनी चष्मा लावून नीट निरखली.

"छान जमलीय रे. पण आपली गाडी हिरवी होती."

मोहरीबद्दल चकार शब्द नाही.