वहिनी, तुमच्या फेऱ्या कमी भरल्या

प्रिय वहिनी,

शाळेत पत्रलेखनाला मी कायम कच्चा, तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. तुम्ही जाऊन चार महिने झाले आणि मी आत्ता लिहितोय, कारण काल दुकान आवरताना दादानं तुमच्या कटिंगच्या टेबलावरचं रेक्झीन उचललं. खाली तुमच्या खडूनं लिहिलेलं तसंच होतं! सोम, मंगळ, गुरू : नळाला पाणी सुटायच्या आत अर्धा तास पळणं. बुध : आराम, अस्तर आणणं. रवि : पंचेचाळीस फेऱ्या.

दादानं एकेका ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. मग म्हणाला, "किती धडपडली रं. उगंच."

तो 'उगंच' माझ्यामुळं आलाय, वहिनी. तेच सांगायचंय.

लग्नसराईत दुकानात ब्लाउज टांगायला खिळा उरायचा नाही, घरचा स्वयंपाक वेगळा, आणि त्यात तुम्हाला एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचं खूळ! राजारामपुरीतल्या बायका हाक मारायच्या, "वैनी, कुणाच्या मागं लागलाय?" तुम्ही न थांबता म्हणायचात, "तुमच्याच ब्लाउजच्या! परवा न्यायला या की!" आणि मला सांगायचात, "पळताना असं बोलता आलं पायजे, भावजी. दम लागला तर समजायचं, जोर जास्त झाला."

एवढं सगळं तुम्ही एकटीनं बसवलं होतं. माझ्याकडं मागितलं काय? रविवारी सकाळी मैदानावर बसून फेऱ्या मोजायच्या, पंचेचाळीस म्हणजे अठरा किलोमीटर, एवढंच. फोन दुकानात ठेवायचात, गिऱ्हाइकं पळू देत नाहीत म्हणून. "आणि मी मोजाय लागले की डोक्यात मापं शिरत्यात. छाती छत्तीस, बाही नऊ! तुम्हीच मोजा." खिशात पंचेचाळीस चिंचोके, प्रत्येक फेरीला एक डब्यात टाकायचा. शेंबड्या पोरालाही जमलं असतं.

मला जमलं नाही.

एकदा मैदानाच्या कडेला कुणीतरी पांढरा घोडा आणला होता. काय जनावर होतं! त्याचा मालक कोडोलीचा, माझ्या ओळखीच्या ओळखीचा निघाला. त्यानं सांगितलं, ह्याला चाऱ्यात उसाचं वाडं चालत न्हाय, फक्त... बघा, परत भरकटलो. तर घोडा बघून परत आलो तोवर किती फेऱ्या झाल्या कुणाला ठाऊक. मूठभर चिंचोके एकदम डब्यात टाकले.

पुढच्या रविवारी घोडा नव्हता. क्रिकेट होतं, चहा होता, जयसिंगपूरचा एक मित्र होता. मूठ चालूच राहिली. कधी पाच फेऱ्या खाल्ल्या असतील, कधी दहा. खरा आकडा मलाही माहीत नाही, वहिनी!

आणि तुम्ही? घरी येऊन घड्याळ बघायचात आणि खूश! "आज लवकर झाल्या की ओ! पाय सुटाय लागलं माझं!" वर मला जादा पोहे. ते पोहे मी खाल्ले. कसे खाल्ले असतील?

शर्यतीत पंधराव्या किलोमीटरच्या पुढं तुमच्या पोटऱ्या धरल्या. रिक्षातनं घरी आलात. दादा तुमच्या पायाला तेल चोळत होता, रागानं नाही, काळजीनंच म्हणाला, "दुकान, संसार सांभाळून न्हाय जमत हे. सांगितलं हुतं की." तुम्ही खाली बघून म्हणालात, "खरं हाय तुमचं. माझंच गणित चुकलं." आणि बूट माळ्यावर टाकलेत.

मी दारातच उभा होतो. तेव्हाच बोललो असतो तर? तुम्ही मला चार शिव्या घातल्या असत्या आणि पुढच्या रविवारी परत पळाला असता. पण मी दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्या दोस्ताबरोबर गोव्याला गेलतो. तिथनं अजून कुठं, अजून कुठं. तुमच्या तापाचा फोन आला तेव्हा हंपीत होतो. पोचलो तोवर तुम्ही नव्हता.

तुम्ही पण कशाला एवढा विश्वास ठेवलात ओ? मला दूध आणायला पाठवलं तर मी दही घेऊन येणारा माणूस!

गणित तुमचं चुकलं नव्हतं, वहिनी. खडूनं लिहिलेलं सगळं बरोबर होतं. कामातनं काढलेला तो अर्धा तासही बरोबर होता. मोजणारा चुकला.

उद्या परत भटकायला निघणार म्हणून माझी बॅग भरलेली होती. ती रिकामी केली. चिंचोक्यांचा डबा तुमच्या मशीनच्या खणात सापडला, तो समोर आहे. उद्या सकाळी पाणी सुटायच्या आत तो दादापुढं ठेवणार आणि हे सगळं त्याला सांगणार. तो मारेल, मारू दे. पण टेबलावरचा खडू पुसायच्या आधी त्याला कळायला पाहिजे, तुम्ही उगंच धडपडला नव्हता. सांगून होईस्तोवर मी दारातनं हलणार नाही. घोडा आला तरी.

तुमचाच चुकार दीर,
बंड्या