बानूबाईच्या नावानं दीड एकर

मी, सोमाजी भगवंत करगळ, वय ७२, धंदा शेती आणि मेंढरं, राहणार राजुरी, ता. जुन्नर, जि. पुणे, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. लिहायला कोणी भाग पाडलेलं नाही. मुलानं दबाव आणला तो हे लिहू नये म्हणून.

१. राहतं घर आणि विहिरीजवळची शेती मुलगा गोरक्ष व सून आशा यांना निम्मी-निम्मी. मेंढरं एकट्या आशाला; गोरक्षला त्यांचा वास सोसत नाही.

२. लोकर कातरायची कातर धाकटा भाऊ सावळेराम याला. वीस वर्षं ती त्याच्याकडेच आहे, आता रीतसर त्याची झाली.

३. रस्त्याकडेची दीड एकर माझ्या स्वकष्टाची आहे. ती विकून येईल ती सगळी रक्कम पुण्याच्या नवांकुर कर्करोग संशोधन न्यासाला द्यावी. अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या ताकदीला कॅन्सरची गाठ ओळखायला शिकवणारी लस तिथं तयार करतायत. हे काम मंचरचे लोकरीचे व्यापारी तय्यबभाई यांनी पार पाडावं; त्यांनी कबूल केलं आहे.

गोरक्ष म्हणतो, "आबा, लोकांच्या लशीला आपली जमीन कशापायी?" त्याच्यासाठी कारण लिहितो.

मेंढरांची नवी लस आली की आम्ही ती आधी कळपातल्या म्हाताऱ्या मेंढीला टोचतो. ती जगली तर बाकीच्यांना. चार वर्षांपूर्वी माझी बायको बानूबाई हिला कॅन्सर झाला, तेव्हा डॉक्टर मोहिनीबाईंनी नव्या लशीच्या चाचणीत तिचं नाव घालू का, असं विचारलं. मला ती म्हातारी मेंढीच आठवली. "माझी बायकू काय वाया गेलेलं मेंढरू हाय व्हय?" असं बोलून मी तिला घरी आणलं. सात महिन्यांत ती गेली. लशीनं वाचलीच असती असं डॉक्टरही म्हणत नाहीत. तरी मला रोज वाईट वाटतं.

वर्षश्राद्धाला आशा म्हणाली, "आत्याबाईंना जायचं व्हतं, आबा. 'माझा न्हाई तर पुढच्या बाईचा तरी जीव वाचंल,' म्हनायच्या. तुमी त्यांना इचारलंच न्हाई."

४. देणगीवर माझं नाव नको. बानूबाई सोमाजी करगळ असं लिहावं. न्यासाला माझी एकच विनंती: कुणा बाईला या लशीबद्दल विचारायचं झालं, तर नवऱ्याला बाहेर बसवावं आणि तिला विचारावं.

वरचं सगळं आशानं वाचून दाखवलं, मी ऐकलं आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

सोमाजी भगवंत करगळ

साक्षीदार:
१. परवेज इनामदार, जुन्नर
२. आदेश हाडवळे, राजुरी

ठिकाण: मंचर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५