टॅग : नवरी, कोयता

३ सप्टेंबर

पुन्हा तेच! रुक्मिणीबाई दुकानात उभी, मी मोबाईलवर ब्लाउजचा गळा शोधतेय, आणि गळा सापडत नाही. ‘गळे’ फोल्डरमध्ये नाही. ‘बाह्या’मध्ये नाही. ‘पैठणी’मध्येही नाही. शेवटी ‘इतर’ उघडलं. त्यात गळा होता, सासूबाईंच्या शुगरसाठी मेथीचा काढा होता, आणि मेस्त्रींनी कधीतरी बघितलेलं कार्बोरेटरचं पान होतं. तोवर रुक्मिणीबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाभी, मागल्या साली शिवला तसाच शिवा." आणि गेली.

बुकमार्क करताना लई हौस असते. हे इथं, ते तिथं. पण एकाच ब्लाउजला गळा असतो, बाही असते आणि कापड पैठणीचं असतं – ते ठेवायचं कुठं? म्हणून ‘इतर’. दुकानाच्या पाटीवर आता ‘इतर लेडीज टेलर’ लिहून घ्यावं.

मेस्त्रींना सांगितलं. नवऱ्याला उपाय विचारू नये. म्हणतात, "मुनिरा, माझ्या गॅरेजात एकच डबा हाय. नट, बोल्ट, वायसर, समदं त्यात. हात घातला की सापडतं." काल दुपारभर त्याच डब्यात हात घालून बसले होते. गिऱ्हाईक गाडी ढकलत दुसऱ्या गॅरेजला गेलं.

५ सप्टेंबर

मनिषा आली होती, गल्लीतल्या चंद्रभागाबाईची लेक. ड्रेस आवळायला. बारावी झाली, नर्सिंगचं डोक्यात आहे. माझा मोबाईल हातात घेतला आणि हसायलाच लागली.

"भाभी, अजून बुकमार्क कावून करता? टॅग लावा."

मी म्हटलं, टॅग तर कपड्याला असतो, किमतीचा. तर म्हणे, तसाच, पण कितीबी लावायचे. "फोल्डरमदी पान एकाच जागी बसतं. टॅगचं तसं न्हाई. एकाच ब्लाउजला गळा पण लावा, पैठणी पण लावा, नवरी पण लावा. मग कुठलाबी टॅग दाबा, ते समोर येतं. माणसाचं नसतं का? तुमी भाभी हाव, टेलर हाव, सून पण हाव."

पोरगी हुशार. एक ॲप टाकून दिलं. नमुना म्हणून स्वतःच्या फोनमधलं दाखवलं – तिचे दोन टॅग. ‘नर्सिंग’ आणि ‘पुढच्या वर्षी’. दोन्हीत तीच पानं.

म्हटलं, पुढच्या वर्षी कावून? या वर्षी काय झालं?

"आई म्हणती, पुढच्या वर्षी." एवढं बोलून तिनं माझी सुई ओवून दिली.

७ सप्टेंबर

टॅग लावत बसले. डाळ करपली.

१० सप्टेंबर

शुद्धलेखनानं घात केला. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शिकले झेडपीच्या मराठी शाळेत, आणि लिहायचं म्हटलं की मराठीच हाताला येते. तरी बाहीला तीन टॅग निघाले – ‘बाही’, ‘बाह्या’ आणि घाईत दाबलेलं ‘बाया’. आता फुग्याची बाही बघायची तर ‘बाया’मध्ये जावं लागतं. मेस्त्रींनी मोबाईल बघितला. ‘बाया’ दाबलं. नुसत्या बाह्या निघाल्या. तोंड उतरलं बिचाऱ्यांचं.

१४ सप्टेंबर

ही सवय वाईट आहे. आता गिऱ्हाइकाचं नावच टॅग करते, म्हणजे कुणाला काय दाखवलं ते लक्षात राहतं. नाव झालं की त्याच्या शेजारी स्वभाव लिहायचा मोह होतो. अंगणवाडीच्या सुनिता मॅडम – ‘उद्याच पाहिजे’. चंद्रभागाबाई – ‘घासाघीस’. पलीकडच्या गल्लीत एक आहे, नाव नको, तिला ‘कंबर खोटी’. दर वेळी टेप ओढून सांगते, एवढीच हाय माझी कंबर.

घरात पण तेच. सासूबाईंनी ताट सरकवलं की मनात येतं – ‘मीठ कमी’. मेस्त्रींना दोन लागतात – ‘आलोच म्हणाले’ आणि ‘आले नाहीत’.

१८ सप्टेंबर

आज मोठी बातमी! मनिषाचं लग्न ठरलं, आणि ब्लाउज मी शिवायचे. नवरीचं, आईचं, मावश्यांचं, सगळ्या भावकीचं.

आमच्या सिरसाळ्यात मला एकच फोल्डर आहे – फॉल-पिकोवाली भाभी. साडीला फॉल लावायचा की भाभी आठवते. लग्नाचं शिवायचं की सगळ्या परळीच्या बुटीकला पळतात, परत आल्यावर बगल उसवायला माझ्याकडं. एकदा ही नवरी माझ्या हातची मांडवात उभी राहिली ना, मग पाटी बदलीन. हे काम मला पाहिजेच होतं. अल्लाला मागून घेतलेलं काम आहे.

चंद्रभागाबाई खुर्चीत अशा बसल्या की खुर्ची नवी वाटली. "पोरगं कारखान्यात हाय, भाभी. सांगलीकडं. कारखान्यात."

दोनदा म्हणाल्या. आमच्याकडं हा एक अक्षराचा फरक आहे. अर्धा तालुका दिवाळी आली की ‘कारखान्याला’ जातो, म्हणजे ऊस तोडायला. ‘कारखान्यात’ असणं वेगळं – डोक्यावर पंखा, खिशाला पेन. म्हणून तो ‘त’ त्यांनी चांगला दाबून म्हटला.

म्हटलं, मावशी, मुहूर्त कधीचा? तर दिवाळीच्या आधीच, काढीव मुहूर्त. तुळशीचं लग्न व्हायच्या आत घाई कशाची विचारलं. "त्याला नंतर सुट्टी न्हाई. आन् अठरा भरलं तिला मार्चात, कायद्यात बसतंय समदं." मग शिलाईवर आल्या, आणि लई वेळ तिथंच राहिल्या. ‘घासाघीस’ टॅग मी उगीच लावलेला नाही.

मनिषा मागं उभी होती. तिला विचारलं, गळा कसला पाहिजे? म्हणाली, कसलाबी.

२० सप्टेंबर

मनिषासाठी एक नमुना सापडला, जीव लावून शिवावा असा. बगलेत चौकोनी तुकडा टाकलाय. हात कितीही वर गेला तरी ब्लाउज वर चढत नाही. हार घालताना नवरीची काय फजिती होते, ती मी बघितलीय – उंच नवरा, त्याचे दोस्त त्याला उचलून धरतात, आणि ही खाली उड्या मारतेय एका हातानं ब्लाउज धरून. टॅग लावले – ‘मनिषा’, ‘नवरी’.

मग लक्षात आलं, रुक्मिणीबाईला मी दर साली हेच करून देते. ती उसाची मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकात चढते. दिवसभर हात वर. तिला बगलेत तुकडा आणि आतून खिसा लागतो. वरून नवऱ्याचा शर्ट घालते, पण आतलं ब्लाउज फाटलं तर काय उपयोग? तर त्याच पानाला तिसरा टॅग लावला – ‘कोयता’.

हा टॅग शोधला तर ॲपनं पुण्याच्या मारामारीच्या बातम्या दाखवल्या. तिकडं कोयता म्हणजे हत्यार. आमच्याकडं कोयता म्हणजे जोडपं! नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम तसेच मोजतो. एकटा गडी असला तर अर्धा कोयता, त्याला टोळीत कुणी घेत नाही. हे ॲपला कोण सांगणार?

एक नमुना, तीन टॅग. मनिषा म्हणाली ते आज पटलं. फोल्डर असता तर ही नवरी आणि रुक्मिणीबाई जन्मात एका जागी आल्या नसत्या.

२२ सप्टेंबर

‘मनिषा’ टॅगची लिंक चंद्रभागाबाईला पाठवली. बसल्या बसल्या पसंत करा म्हटलं. काय सोय झाली! दुकानात येऊन माझा अर्धा दिवस खाणार होत्या.

२३ सप्टेंबर

मेले मी.

२३, दुपारी

लिंक उघडली की प्रत्येक चित्राखाली सगळे टॅग दिसतात. मला वाटलं, मी पाठवला तेवढाच दिसेल. आणि चंद्रभागाबाईंनी ती लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली. एक टॅग दाबला की दुसरा उघडतो, दुसऱ्यातून तिसरा. सकाळी चहाच्या आत अख्खी गल्ली माझ्या मोबाईलमधून फिरून आली.

चंद्रभागाबाई दुकानात आल्या तेव्हा मी माफीची तयारीच करून बसले होते. म्हटलं, मावशी, ते घासाघीस चुकून—

"घासाघीस लिव्हलं ते ऱ्हाऊ द्या. करती मी घासाघीस. सोडलं." मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. "हे काय हाय? माझ्या लेकीला कोयता लावला तुमी?"

मी बगलेतला तुकडा समजावून सांगायला लागले. हात वर करून दाखवला. ऐकतंय कोण! चित्राखाली लिहिलेलं – मनिषा, नवरी, कोयता. आमच्या भागात हे शब्द असे शेजारी बसले की शेंबडं पोर पण वाचतं – अर्धा कोयता पुरा करायला पोरगी करून आणली. मला आधी दिसायला पाहिजे होतं. मी बगल बघत होते.

"माझा जावई कारखान्यात हाय," त्या म्हणाल्या. गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या.

२६ सप्टेंबर

दुकानात गर्दी आहे, शिलाई नाही. सगळ्या आपापला टॅग विचारायला येतात. ‘कंबर खोटी’ येऊन टेप घेऊन बसली, म्हणे आत्ता मोजा. मोजली. टॅग राहिला. सुनिता मॅडम म्हणाल्या, "उद्याच पाहिजे लिव्हलंय तर मग उद्याच द्या की." एकीला टॅगच नव्हता, ती सगळ्यात जास्त चिडली – "माझ्यात काहीच न्हाई का लिव्हण्यासारखं?"

रुक्मिणीबाईला टॅगचं सांगितलं. ती म्हणाली, "कोयता तर कोयता. त्यात राग कसला? मी हायच." पण कुणीतरी रागावलंय त्या शब्दावर, हे तिला लागलं. ब्लाउज घेतलं आणि नेहमीसारखी बसली नाही.

२८ सप्टेंबर

‘कोयता’ काढून टाकला. ॲपनं विचारलं – नक्की? म्हटलं, हो बाबा.

चंद्रभागाबाईंच्या घरी गेले सांगायला. मावशींनी दार अर्धंच उघडलं. "कापड द्या परत. परळीला टाकते." मनिषा आत भांडी घासत होती. वळून बघितलं नाही. मला वाटलं, तिलाही राग आहे, आणि लई वाईट वाटलं. टॅग शिकवला तिनंच, आणि तिच्यावरच उलटला.

२ ऑक्टोबर

दसरा. गल्लीतल्या सगळ्या सोनं द्यायला आल्या. त्या घरून कुणी नाही.

५ ऑक्टोबर

कापड नेलं. पैठणीचा तुकडा मी कापलाही नव्हता, नुसती हळदी रंगाच्या खडूनं बगल आखून ठेवलेली. चंद्रभागाबाईंनी ती खूण तिथंच झटकली.

मेस्त्री संध्याकाळी भेळ घेऊन आले. स्वतःहून, आणि वेळेवर. म्हणाले, "मी काय म्हणतो, एकच डबा बरा." मी म्हटलं, गप बसा. मग त्यांच्यासमोर रडले. पाटी तशीच राहणार, फॉल-पिको. पण मला एक कळत नाही. ‘घासाघीस’ हा खरा शब्द होता, तो मावशींनी लगेच सोडला. ‘कोयता’ तर खोटा होता, मग तोच एवढा का लागावा?

९ ऑक्टोबर

मनिषा एकटी आली. पिशवीत बाजारातलं साधं सुती कापड.

"नवरीचं परळीत शिवून झालं, भाभी. हे तुमीच शिवा. तो टॅग काढला ना तुमी, त्यातलं. बगलेत तुकडा टाकून." मी कापड उलगडलं. "ते कारखान्यात न्हाईत. कारखान्याला हायत."

खिसा आतून लावा म्हणाली, पण जरा मोठा. मोबाईल मावला पाहिजे, पुढच्या वर्षीची पानं त्यात हायत.

टेप काढली. हात वर कर म्हटलं. तिनं केला.