सात बाप सांगा, मगच फाईल उघडेल

थोरल्या काकांना पुतणी सायकालचा वाकून सलाम.

तुमचे गुडघे, घोडी आणि काकू (याच क्रमाने, कारण तुम्हीही याच क्रमाने काळजी करता) ठीक असतील असं धरून चालते. तुमच्याकडे वर कुरणात फोन लागत नाही, म्हणून हे पत्र घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं किमिझ न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतेय. अक्षराबद्दल कुरकुर करू नका. मेंढरं सुट्टी देतील तेवढीच मी शाळेत गेले, आणि मेंढरं तुमची होती.

तर आमच्या नारिनच्या हस्तकला शाळेत नवा संचालक आलाय, कानिमेत नावाचा. मिशी अजून धड फुटलेली नाही, पण हुकूम सोडतो. म्हणाला, बाई, लोकरीचे नमदे बनवायचे धडे शाळेच्या वेबसाइटवर टाका. शुक्रवारी बिश्केकहून तपासणीची माणसं येणार, त्यांच्यासमोर ते उघडले नाहीत तर तुमचा वर्ग बंद, त्या खोलीत शिलाई मशिनं बसवू. माझ्या खोलीत मशिनं! मी फोनपुढे तोंडाने बोलत गेले, लोकर कशी पिंजायची, पाणी किती कढत, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी कशी कापायची, आणि फोन लिहीत गेला. (मध्येच कुत्र्याला घातलेली शिवीही त्याने इमानाने लिहिली. मुलींनी तीही पाठ केली.)

आता गंमत ऐका. वेबसाइटवरची ती धड्यांची फाईल कुणीही उघडायला गेलं की मला निरोप येतो, अमुक माणूस परवानगी मागतोय. नावं बघाल तर ‘बर्फाची राणी’, ‘काळा लांडगा’. दारात आलेल्याला आपण आधी विचारतो ना, कुणाचा तू? मीही तेच लिहिलं. सात बापांची नावं सांगा, बाप, आजा, पणजा अशा वरच्या सात पिढ्या, मग आत या. काका, पोरी आजोबांकडे धावत सुटल्या! एकीने सहाव्या जागी फुटबॉलवाल्याचं नाव घातलं, तिला आठवडाभर बाहेर बसवलं.

मग संचालकाचाच निरोप आला. त्याला चारच येत होती. मी नाही उघडलं. व्हरांड्यात लालबुंद होऊन म्हणतो, “बाई, मी संचालक आहे!” म्हटलं, “असशील बाबा, पण चौथ्या बापापर्यंतच.”

इथवर सगळं छान होतं. रोज कोण ते निरोप बघणार, म्हणून बुरुलचाला (माझी हुशार विद्यार्थिनी, जीभ कात्रीसारखी) म्हटलं, तूच सांभाळ. तिने काहीतरी दाबलं आणि फाईलची मालकीणच झाली. नंतर माझा फोन साबणाच्या पाण्यात पडला, लोकरीबरोबर चांगला मळून निघाला. नवा घेतला, तर जुना पासवर्ड आठवेना. नव्या नावाने फाईल उघडायला गेले, तर मलाच म्हणे परवानगी मागा. मागितली. बुरुलचाचं उत्तर आलं, “या बाई, बसा. आधी सात बाप.” मी तिला समोर उभी करून झापलं, “अगं, मी तुझी बाई आहे!” तर मान खाली घालून म्हणते, “हो, पण नियम तुमचा आहे. संचालकसाहेबांनाही लागू झाला.” बाकीच्या पोरी लोकरीत तोंड खुपसून हसत होत्या.

शुक्रवारी सगळ्यांसमोर धडे मलाच उघडून दाखवायचेत. जिवाला सांभाळा, किमिझ कमी प्या.

तुमची पुतणी,
सायकाल

ता.क. मला पाचच येतात. सहावा आणि सातवा ट्रकवाल्याबरोबर लगेच लिहून पाठवा. लग्नात तुम्ही दर वेळी सात म्हणता खरे, पण शेवटची दोन नावं खोकल्यात जातात.

ता.क. दुसरं. तो खोकला मुद्दामचा असेल तर सरळ दोन नवीन बनवा. आणि आणखी तीन जास्तीची पाठवा. कानिमेत काल हळूच विचारत होता. त्याची मात्र दुसऱ्या घराण्यातली वाटतील अशी बनवा, नाहीतर मेला माझा भाऊ निघायचा.