कासव पळवायला गेलो त्याची हकिकत

पूज्य लिझेतमावशीस, ला दीगहून तुझ्या रेमीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आईची तब्येत उत्तम आहे, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. (मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं ते तुला ठाऊक आहेच. तिकडे माहे बेटावर ओडिल नव्हती, मग राहायचं कशासाठी?)

तर ओडिलच्या जन्माला तिच्या बाबांनी, म्हणजे चर्चपलीकडच्या ओनोरेकाकांनी, पाळलेली जॉर्जेट तुला आठवत असेल. तेव्हा मुठीएवढी होती, आता आपल्या जेवणाच्या टेबलाएवढी झालीय. मुलीच्या नावाने पाळलेलं कासव तिच्या लग्नाच्या पंगतीला कापायचं (तुझ्या लग्नात कापलंच की), ही रीत आता बंद झाली असं सगळे म्हणतात. पण सोमवारी त्यांच्या कुंपणावरून पाहतो तर काका जॉर्जेटला ब्रशने घासतायत, इस्त्रीच्या शर्टातला एक परका तरुण फीत लावून तिची मापं घेतोय, आणि ओडिल हसतेय! माझं डोकंच फिरलं. नवरदेव स्वतः पंगतीचा अंदाज घ्यायला येतो, हा निर्लज्जपणा मी कुठे ऐकला नव्हता. लग्न मोडता येत नसेल तर कासव तरी पळवायचं, असं ठरवलं.

आता कासव पळवणं म्हणायला सोपं, पण कासव पळत नाही. दुपारी काका झोपल्यावर पिकलेले आंबे दाखवत तिला घेऊन निघालो, तो आमच्या फाटकाशी पोचेपर्यंत सूर्य बुडायला आला. सगळं गाव आपापल्या दारात. (झाकायला अंगातला शर्ट टाकला, तर ते शर्ट घातलेलं कासव झालं.) पण ओरडेना कोणीच! पाववाला सायकलवरून उतरून माझा हात गदागदा हलवतो, "रेम्या, लेका, ठरलं वाटतं!" सुझेतआजी डोळे पुसते, "पोरीच्या आधी तिचं कासवच निघालं सासरी!" मी आपला "हो, हो" म्हणत आंबे सोलतोय. काय ठरलं, कुणाचं ठरलं, हे चर्च मागे पडेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नाही. काकांना ते दुकानात कळलं, लोकांच्या अभिनंदनातून.

आणि तो इस्त्रीवाला? कासवमोजणीचा माणूस. ओडिलही त्याच कामावर लागलीय. बेटावरचं एकेक कासव नोंदवायचं चाललंय, कोणी चोरू नये, कापू नये म्हणून. आणि मोजणीत नेमकं एक कमी भरलं! म्हणजे मी चोरलं ते वाचवायला, आणि ते वाचवतायत ते माझ्यासारख्यांपासून. विचार करावा तितका गुंता वाढतो.

तुझा गोंधळलेला,
रेमी

ता. क. खरं काम असं की, शनिवारच्या बोटीने ये आणि काकांकडे रीतसर मागणी घाल. गावाचा होकार आलाच आहे, फक्त मुलीकडचे राहिलेत.

आणखी ता. क. आत्ताच ओडिल आली. कमरेवर हात. "गावभर सांगितलंस, कासवाला आंबे चारलेस. मला विचारलंस का रे कधी?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणते, जॉर्जेट नर आहे. सोमवारी मापं घेताना कळलं. (म्हणून हसत होती!)

शेवटचं ता. क. शनिवारी येऊ नकोस. जाताना तिने बजावलंय, "जॉर्जेटला ज्या चालीनं आणलंस ना, त्याच चालीनं मला विचार. तोवर त्याला इथेच राहू दे. बाबांना मी सांगते. मोजायला रोज येईन." मावशी, हा होकार की नकार? तू बाई आहेस, तूच सांग. आंबे मात्र लगेच पाठव, आमचे संपले.